एम.जी.ची चाकं: भोकं जुळली म्हणजे चाक जुळलं का?



जानेवारी २०२३ मध्ये आपल्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळावा भरला होता. तेव्हाचे फोटो अजून अधूनमधून या समूहावर येतात. परवा अशाच एका फोटोखाली वाद रंगला. गाडी जुनी, पण चाकं नंतरची, तर ती गाडी अस्सल म्हणायची का? एका मित्राने लिहिलं, "चाक म्हणजे गाडीची चप्पल. बदलली तर काय बिघडलं?" उपमा छान आहे. पण चप्पल तुटली तर माणूस अनवाणी का होईना, घरी पोचतो. चाक निखळलं तर पोचेलच असं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. लांब झालं तर सांभाळून घ्या.

मी इंजिनिअर नव्हे. बी.कॉम. झालो आणि ३४ वर्षं बँकेत काढली. त्यातली काही वर्षं मकरपुऱ्याच्या लघुउद्योगांची कर्जं बघण्यात गेली, त्यामुळे लेथ, ओतकाम, आटे या गोष्टींशी तोंडओळख झाली. आणि माझा पुतण्या इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहतो. त्याने १९७१ सालची एम.जी.बी. घेतली आहे, दोन सीटची, उघड्या टपाची. तिची तारांची चाकं खिळखिळी झाली, तेव्हा दुसरी कुठली बसवावीत यावर आमचं दोन-तीन महिने फोनवर चर्वितचर्वण चाललं. त्या निमित्ताने बरंच वाचलं, लोकांना विचारलं. गंमत म्हणजे या सगळ्या कथेचा उगम त्याच्याच गावात निघाला.

कॉव्हेंट्री हे सायकलींचं गाव. तिथल्या जेम्स स्टार्लीने १८७४ मध्ये तिरप्या तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं. आपल्या सायकलच्या तारा हबमधून सरळ न निघता तिरप्या निघतात, एकमेकींना ओलांडतात, ती त्याची करामत. तार दाबली तर वाकते, पण ओढली तर फार मोठा भार पेलते. त्यामुळे हे चाक एकाच वेळी हलकं आणि मजबूत. बैलगाडीच्या लाकडी आऱ्यांचं चाक दाबावर उभं असतं, तारांचं चाक ताणावर. एवढा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

त्याच गावातल्या रज-व्हिटवर्थ या सायकल कंपनीच्या जॉन प्यू यांनी १९०८ च्या सुमारास मोटारीसाठी झटपट काढता येणारं तारांचं चाक बनवलं. त्याआधी टायर फुटला की चाक गाडीवरच ठेवून टायर सोडवत बसावं लागे. प्यू यांच्या पद्धतीत चाकाच्या मध्यभागी आतून दाते, गाडीच्या हबवर बाहेरून दाते. चाक त्यात सरकवायचं आणि मधोमध एकच मोठा नट आवळायचा, बस्स. याचा फायदा इतका उघड होता की १९०८ च्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत अशा चाकांना परवानगीच नाकारली गेली. ब्रिटिश नेपियर गाड्या त्यामुळे त्या शर्यतीत उतरल्या नाहीत. आपल्याकडे त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदा सुरू केली, म्हणून हे साल माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे. काही वर्षांतच शर्यतीच्या गाड्यांवर हीच चाकं सर्रास दिसू लागली.

म्हणजे ज्या तारांच्या चाकांना आज आपण 'ओरिजिनल' म्हणून कुरवाळतो, ती एकेकाळी स्वतःच नवी, परकी आणि बंदी घातलेली होती.

पुढेही बदल थांबले नाहीत. १९२४ मध्ये बुगाटीने टाइप ३५ गाडी आणली. तिची चाकं ॲल्युमिनियमची ओतीव, आठ पसरट आऱ्यांची, ब्रेकचा ड्रमसुद्धा चाकातच. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये मिनी गाडीसाठी मॅग्नेशियमची 'मिनिलाइट' चाकं निघाली. आठ आऱ्यांचं ते रूप इतकं लोकप्रिय झालं की आजही जुन्या ब्रिटिश गाड्यांवर त्याच्या नकला बसवतात. १९६६ मध्ये पोर्शे ९११ एस वर ॲल्युमिनियम ठोकून घडवलेली फुक्स चाकं आली. एम.जी.बी. १९६२ ते १९८० अशी १८ वर्षं ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांहून जास्त. तिलाही सुरुवातीला पत्र्याची साधी चाकं किंवा जादा पैसे देऊन तारांची, आणि पुढे रोस्टाइल नावाची, असे पर्याय होते. तेव्हा स्पोर्ट्स कारचं चाक बदलणं हे काही पाप नाही. तो तिचा इतिहासच आहे.

पण या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्यांनी चाक बदलताना हब, नट, ॲक्सल आणि टायर यांचा एकत्र विचार केला, त्यांचं निभावलं. ज्यांनी फक्त भोकं जुळतात का एवढंच पाहिलं, ते फसले. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सही जुळली म्हणून चेक पास करत नाहीत. तारीख, रक्कम, शिल्लक सगळं बघावं लागतं.

आता एकेक गोष्ट बघू.

पहिली, भोकांचं वर्तुळ. चाकाला चार किंवा पाच बोल्ट असतात, ते एका काल्पनिक वर्तुळावर बसतात. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पी.सी.डी. पत्र्याची चाकं असलेल्या एम.जी.बी.ला चार बोल्ट आणि व्यास साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर. जुन्या मिनीला चार बोल्ट आणि चार इंच, म्हणजे १०१.६. पोर्शे ९११ ला पाच बोल्ट आणि १३०. आता मेख बघा. आजच्या अनेक छोट्या गाड्यांच्या चाकांचं वर्तुळ बरोबर १०० मिलिमीटरचं असतं. ते मिनीच्या हबवर नेलं तर फरक फक्त १.६ मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक बोल्टमागे ०.८. चाक चढतं, नट आवळले जातात, पाना घट्ट लागतो. पण प्रत्येक बोल्ट बाजूला ओढला गेलेला असतो आणि नट आपल्या खोबणीत एकाच अंगाने टेकलेला असतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो बोल्ट किंचित वाकतो आणि सरळ होतो. तार सारखी उलटसुलट वाकवली की तुटते, तेच हळूहळू इथे घडतं. पाव इंचाने चुकलेलं चाक बसतच नाही, त्यामुळे ते निरुपद्रवी. थोडक्यात चुकलेलं चाकच घात करतं. खात्यांच्या ताळ्यातही मोठी चूक लगेच सापडते, नऊ पैशांची माणसाला रात्री जागवते, तसंच हे.

दुसरी, चाक आत किती आणि बाहेर किती बसतं. याला ऑफसेट म्हणतात. पुतण्याला एका विक्रेत्याने एका जपानी गाडीची सुंदर चाकं दाखवली. चार भोकं, ११४.३, तंतोतंत. सोबत तारांच्या हबवर चढवायचे अडॅप्टरही देतो म्हणाला. पण ती चाकं पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची होती. अशा चाकांचा टेकायचा भाग बाहेरच्या कडेकडे असतो, त्यामुळे चाकाचा बराचसा भाग गाडीच्या आत जातो आणि स्टिअरिंगच्या सांध्यांना घासायची भीती असते. मग आत घासतंय म्हणून मध्ये जाड चकती घालायची, तर चाक बाहेर येतं, वळणावर मडगार्डला टेकतं आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. पाण्याची बादली अंगालगत धरून चाला आणि मग हात लांब करून चाला, खांद्याला फरक कळेल. बेअरिंगचा खांदा तोच, बादलीही तीच.

तिसरी, नट. पत्र्याच्या चाकाचा नट बहुधा निमुळत्या टोकाचा असतो. काही जर्मन गाड्यांचा गोलाकार, चेंडूच्या अंगाचा. काही ॲल्युमिनियमच्या चाकांना सपाट बुडाचा, खाली नळी असलेला. एकाचा नट दुसऱ्या चाकात घातला तर तो कडेवर टेकतो. आवळताना घट्ट वाटतो, शंभर किलोमीटरनंतर सैल. शिवाय ॲल्युमिनियमचं चाक पत्र्यापेक्षा जाड असतं, त्यामुळे बोल्टवर नटाला धरायला आटे कमी उरतात. ढोबळ नियम असा की बोल्टची जेवढी जाडी, तेवढी लांबी तरी नटात गेलीच पाहिजे. एम.जी.बी.चा बोल्ट अर्ध्या इंचाचा, इंचाला २० आटे. म्हणजे नट हाताने निदान पूर्ण १० फेरे गेला पाहिजे. गॅरेजमध्ये उभं राहून मोजता येतं, यंत्र लागत नाही. फेरे सहा-सातच भरले तर लांब बोल्ट घ्यायचे, नाहीतर चाक परत करायचं.

चौथी गोष्ट खास तारांच्या चाकांची, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकारातली सर्वांत सुंदर. मधला मोठा नट गाडीच्या डाव्या बाजूला उजव्या आट्यांचा असतो आणि उजव्या बाजूला डाव्या आट्यांचा. म्हणजे दोन्हीकडे सोडवायचा असेल तर चाक पुढे जाताना फिरतं त्या दिशेने हाणायचा आणि आवळायचा तर मागच्या दिशेने. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे उलटं वाटलं. कारण असं आहे. नटाची आतली उतरण चाकाच्या बाहेरच्या उतरणीवर टोपीसारखी बसते, म्हणून ती कणभर मोठी असते. मनगटातली बांगडी आठवा. मनगट गोल गोल फिरवलं की बांगडीही फिरते, पण तिचा घेर मोठा असल्याने ती थोडी मागे पडते. तसा हा नट प्रत्येक फेऱ्याला केसभर मागे राहायला बघतो, आणि मागे म्हणजेच आवळायच्या दिशेला. गाडी चालेल तसा नट घट्टच होत जातो.

आता कुणी दुरुस्तीच्या वेळी डावे-उजवे हब उलटे लावले तर? तीच शक्ती प्रत्येक फेऱ्याला नट सोडवत राहणार. कितीही जोरात हातोडा मारला असला तरी. अशा गाड्या सांभाळणारे लोक म्हणूनच चाक चढवण्याआधी नटावरचा 'अनडू' हा शब्द आणि त्याचा बाण बघतात.

या नटांना पूर्वी दोन कान असत, त्यावर तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोडीने ठोकायचं. ते कान बाहेर आलेले, पादचाऱ्याला लागतील म्हणून अमेरिकेने १९६८ पासून नव्या गाड्यांवर त्यांना मनाई केली आणि तिथे जाणाऱ्या एम.जी.ला अष्टकोनी नट आले. आज अष्टकोनी नट बघून कुणी "हे नंतरचं, नकली" म्हणालं तर घाईने मान डोलावू नका. कारखान्यातूनच तसा आलेला असू शकतो.

पुतण्याच्या गाडीकडे परत येतो. त्याच्या चाकांच्या तारा सैल होत्या आणि गाडी सुरू करताना, ब्रेक मारताना 'टक' असा आवाज यायचा. हा आवाज म्हणजे चाकाचे आणि हबचे दाते झिजल्याची खूण. त्याच्यापुढे तीन वाटा होत्या.

पहिली, त्या विक्रेत्याचे अडॅप्टर. तारांच्या हबवर ते चढवले की चार बोल्ट मिळतात आणि कुठलंही चार भोकांचं चाक लागतं. पण अडॅप्टर बसणार झिजलेल्या दात्यांवरच, आणि चाक बाहेर सरकणार ते वेगळंच. याच्या उलटेही अडॅप्टर मिळतात, पत्र्याच्या चाकांच्या गाडीला तारांची चाकं लावायला. तिथेही सांभाळावं लागतं. अडॅप्टरच्या खाली बसणारे नट ठेंगणे, खास घ्यावे लागतात आणि बोल्ट लांब असतील तर कापावे लागतात. नाहीतर चाक दात्यांवर पूर्ण बसायच्या आधी बोल्टच्या टोकावर टेकतं.

दुसरी वाट, पुढचे हब आणि मागचा आख्खा ॲक्सल बदलून गाडी पत्र्याच्या चाकांची करायची. त्या काळच्या एम.जी.बी.चा मागचा ॲक्सल तारांच्या चाकांसाठी वेगळा, किंचित आखूड असे, कारण तारांचं चाक हबवर जास्त जागा घेतं. काम पक्कं, पण खर्च मोठा आणि गाडीचं मूळ रूप गेलं.

तिसरी वाट त्याने घेतली. मिनिलाइटसारखी दिसणारी, पण मध्यभागी दाते असलेली ॲल्युमिनियमची चाकं मिळतात. ती जुन्याच पद्धतीने, एका नटावर बसतात. मात्र त्याने हबही नवे घेतले, चारही. झिजलेल्या हबवर नवं चाक चढवलं की जुने दाते नव्या दात्यांना खातात. सासरी आलेल्या सुनेला घरच्या सवयी लागतात तसंच! तो आधी कुरकुरला, "काका, दुप्पट खर्च." मी म्हटलं, "तुझ्या शेजारच्या सीटवर कोण बसणार आहे?" त्याची मुलगी नऊ वर्षांची आहे. त्याने हब मागवले.

बसवताना डावे-उजवे हब दोनदा तपासले. दात्यांना आणि उतरणीला ग्रीस लावलं. बोल्टच्या चाकांची गोष्ट वेगळी, तिथे बोल्टला तेल-ग्रीस लावून आवळलं तर ताण मोजलेल्यापेक्षा जास्त पडतो, हे कुणी करू नये. चाकं उचलून हाताने फिरवली, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून कुठे घासतंय का पाहिलं, मग गाडीत दोन माणसं बसवून परत पाहिलं. पहिल्या ७०-८० किलोमीटरनंतर चारही नट पुन्हा ठोकले. दुसऱ्या दिवशी परत.

टायरबद्दल दोन शब्द. तारांच्या चाकात तारांची टोकं रिमच्या आत येतात, म्हणून त्यात ट्यूब आणि रिमवर पट्टी लागते. नव्या ओतीव चाकात बहुधा लागत नाही. रिमच्या रुंदीला शोभेल तेवढाच रुंद टायर घ्यावा. आणि जुनी गाडी वर्षाला फार चालत नाही, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर म्हातारं होतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मुदत ठेवीची तारीख बघतो तशी ही बघावी.

जुनी मॅग्नेशियमची खरी चाकं कुणाकडे असतील तर ती शोभेला भिंतीवर लावावीत, किंवा रस्त्यावर न्यायची तर भेगा तपासून घ्याव्यात. मॅग्नेशियम गंजतं आणि भेगा रंगाखाली लपतात. आपल्याकडे फॅब्रिकेशनच्या कारखान्यांत वेल्डिंग तपासायला रंगीत द्रव सोडून भेग शोधतात, तीच पद्धत इथे चालते.

आता आपल्याकडचं. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने भारतातली जुळणी बंद केली, परदेशी गाड्या आणि सुटे भाग मिळणं अवघड झालं. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक जुन्या विलायती गाड्यांवर हाताला लागतील ती चाकं चढली. ज्यांनी ती चढवली त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्यांनीच त्या गाड्या भंगारात जाण्यापासून वाचवल्या. पण तेव्हा त्या गाड्या गावातल्या गावात हळू चालत. आज त्याच गाड्या एक्स्प्रेस वेवर मेळाव्याला निघतात. तेव्हा आजोबांच्या काळात कुणी भोकं कानशीने वाढवून, वॉशर घालून बसवलेलं चाक 'इतकी वर्षं चाललं' म्हणून तसंच ठेवू नका. एकदा चारही चाकं काढून भोकं, नट आणि हब बघून घ्या. आणखी एक, एम.जी. टी.सी.सारख्या जुन्या गाडीचा टायर १९ इंची आणि जुन्या बुलेटचाही १९ इंची, म्हणून तो घालायचा मोह नको. मोटरसायकलचा टायर कलून वळायला बनवलेला असतो, गाडीचा आडवा रेटा सोसायला नव्हे.

कायद्याचंही थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते अधोरेखित केलं. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या गाडीला 'व्ही.ए.' मालिकेचा नंबर मिळतो. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. चाकं बदलायची असतील तर आधी आर.टी.ओ.त विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. पोचपावती घ्यावी, ही बँकेतली सवय!

आणि शेवटी, काढलेली मूळ चाकं विकू नका. पुतण्याने पाचही जुनी चाकं पुसून, कुठलं कुठल्या बाजूचं ते चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवली आहेत. एका वहीत नव्या चाकांची मापं, हब बदलल्याची तारीख आणि बिलं आहेत. त्याची मुलगी पुढे गाडी चालवील तेव्हा तिला कळेल की काय मूळचं, काय नंतरचं, आणि का. आपल्यासारख्या घर सोडून दुसऱ्या प्रांतात पिढ्यान्पिढ्या रुजलेल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. आपलंही बरंच काही बदललं, पण काय बदललं याची नोंद घरात आहे, म्हणून आपण अजून आपणच आहोत.

तर फोटोखालच्या त्या वादाला माझं उत्तर असं: चाकं बदललेली गाडी अस्सल असू शकते, फक्त बदल हबपासून नटापर्यंत जुळवलेला हवा आणि लिहून ठेवलेला हवा.

तुमच्या घरी, आजोळी, शेजारी कधी जुनी गाडी असेल तर तिचा फोटो इथे जरूर टाका. चाकं दिसतील असा टाकलात तर फारच छान. आणि मापांत माझं कुठे चुकलं असेल तर जाणकारांनी निःसंकोच सांगावं.

आपला,
एक निवृत्त बँकवाला, बडोदे